लीव्हरवरचा हळदीचा दोरा

कापलेल्या गवताचा वास हा माझ्या लेखी दसऱ्याचा वास आहे. म्हैसुरात कुणालाही विचारा, तो तुम्हाला मल्लिगेचा म्हणजे मोगऱ्याचा, शेवंतीचा, कापराचा, फार तर अंबारीच्या हत्तींचा वास सांगेल; मी मात्र आमच्या ओसरीवर उभ्या असलेल्या त्या लाल, जड, पेट्रोलने माखलेल्या गवत कापायच्या यंत्रापाशी जाऊन दीर्घ श्वास घेते. त्याच्या पोटाशी, पात्यावरच्या लोखंडी झाकणाच्या आतून, वर्षभराचं गवत काळंहिरवं होऊन थिजलेलं असतं, आणि आयुधपूजेच्या आदल्या दिवशी अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ते लाकडी उलथण्याने खरवडून काढतो. तेव्हा ओला, किंचित आंबूस, गोठ्याची आठवण करून देणारा दर्प साऱ्या घरभर पसरतो आणि आश्विनातलं ते कोवळं पिवळं ऊनसुद्धा त्याच वासाचं वाटू लागतं. वहिनी होती तेव्हा नाकाला पदर लावून ओरडायची. आता वहिनी नाही, आणि ओरडायचं काम माझ्याकडे आलं आहे.

आमचं घराणं, ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवायचा तर, शिपायांचं. कुणी खापरपणजोबा जुन्या म्हैसूर संस्थानाच्या घोडदळात होते आणि त्यांची तलवार मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या घरी अजून आहे. म्यान कुजून गेलं, मूठ हलायला लागली, पण आयुधपूजेला तिला हळदकुंकू लागतं म्हणजे लागतं. पुढच्या पिढ्या कचेऱ्यांत गेल्या, शाळांत गेल्या, मी बँकेत गेले आणि रिटायरही झाले. अण्णाने मात्र गवत धरलं. हेब्बाळच्या कारखान्यांपुढची, काचेच्या मोठमोठ्या इमारतींच्या पायथ्याची हिरवळ राखण्याचं काम तो आयुष्यभर करत आला. हाताखाली माणसं आली, यंत्रं आली, तरी हे एक यंत्र तो स्वतः चालवायचा आणि मुक्कामाला घरीच आणायचा. तलवारीवरून थेट गवतावर आलास की रे, असं मी त्याला चिडवायची. तो न चिडता म्हणायचा, "पातं ते पातंच, सुमी. त्याला मान द्यायला लागतो."

आणि मान तरी कसा! एवढे सोपस्कार मी कुठल्या देवाचेही पाहिले नाहीत. आधी सारं मैदान पायाखाली घालायचं, खडा, तारेचा तुकडा, नारळाची करवंटी, जे काही पात्याखाली येऊन गोळीसारखं उडेल ते वेचून काढायचं. पायांत जाड बूट. चप्पल घालून आलेल्या माणसाला फाटकातूनच परत. इंजिन तापलेलं असताना पेट्रोल ओतायचं नाही, मग वर सूर्य कितीही चढो. झाकणाखाली बोट घालायच्या आधी प्लगची टोपी उपसून बाजूला करायची, यंत्र कलतं करायचं ते हवेची जाळी वर राहील असंच, उतारावर आडवं चालायचं, आणि काहीही झालं तरी चालतं यंत्र आपल्या पायांकडे ओढायचं नाही. या सगळ्यांच्या वर एक नियम होता आणि तो यंत्र ढकलायच्या दांडीला लगटून असलेल्या लीव्हरचा. तो हाताने दाबून धरला की पातं फिरतं, चाकं पुढे ओढ घेतात; हात निघाला की इंजिनसकट सगळं थांबतं. नवी माणसं बोटं दुखतात म्हणून लीव्हर सुतळीने दांडीला बांधून टाकत, आणि अशी सुतळी दिसली की एरवी मवाळ असणारा माझा भाऊ लालबुंद व्हायचा. "अरे, ही सुतळी तू कुणाच्या तरी पायाला बांधलीयस!" एवढं बोलून तो त्या माणसाला घरी पाठवायचा. हात सुटला की पातं थांबलं पाहिजे, हे वाक्य मी जेवणाच्या पाटावर इतक्यांदा ऐकलं आहे की मला ते आरतीसारखं पाठ झालं.

पण हातच सुटायला लागला तर? त्याबद्दल त्या नियमांत काहीच नव्हतं. यंत्राची थरथर वर्षानुवर्षं तळव्यांतून मनगटांत, मनगटांतून कोपरांत मुरत राहिली आणि कधीतरी अण्णाच्या बोटांची टोकं सकाळच्या गारव्यात पांढरी पडू लागली. आधी सदऱ्याच्या गुंड्या, मग किल्ली, मग कॉफीचा पेला. मी त्याच्या पेल्याखाली नकळत माझा हात धरायची आणि तो खेकसायचा, "काय लहान मूल आहे काय मी?" डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नसा गेल्यात, आता मशीन बंद करा, झटका देण्याइतका जोर राहील, धरून ठेवणं जमणार नाही, आणि मूठ कधी उघडली ते तुमचं तुम्हालाच कळणार नाही. अण्णाने मान डोलावली, बाहेर येऊन यंत्राला घालायला फुलांचा हार घेतला आणि दुसऱ्या दिवशी हेब्बाळला कामावर गेला.

त्या पावसाळ्यात यंत्र सारखं बंद पडू लागलं. मैदानाच्या मध्यावर, ऐन रंगात, एकदम गप्प. अण्णाने प्लग बदलला, हवेची जाळी पेट्रोलने धुऊन काढली, तेल उपसून नवं भरलं, केबल बदलली. ओसरीवर फतकल मारून संध्याकाळभर तो त्या यंत्राचा अवयवन् अवयव सोडवून बसायचा आणि मी भाजी निवडता निवडता त्याच्याकडे बघत राहायची. यंत्राला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. मूठ उघडत होती आणि यंत्र शहाण्यासारखं थांबत होतं, अण्णानेच त्याला शिकवल्यासारखं. हे मला कळत होतं आणि त्याला कळत नव्हतं असं मी समजत होते. काय म्हणावं माझ्या भोळेपणाला!

आयुधपूजेचा दिवस उजाडला. तलवार, माझी शिवणाची कात्री, विळी, शेजारी धुऊन पुसून लखलखीत केलेलं यंत्र. चाकाखाली लिंबू, कपाळी म्हणावं तर झाकणावर कुंकवाची बोटं, वर शेवंतीची माळ. कोहळा फुटला, आरती झाली. दरवर्षी हळदीत बुडवलेला दोरा यंत्राच्या दांडीला मी बांधते, पण त्या दिवशी मी प्रसादाचं बघत होते तेवढ्यात अण्णाने तो बांधूनही टाकला होता. नमस्काराला वाकले आणि मला दिसलं. दोरा एकेरी नव्हता, चांगला जाड पिळलेला होता, आणि तो दांडीला नव्हता. दांडी आणि लीव्हर, दोघांना मिळून त्याने फेरे घेतले होते, अगदी आवळून. मी वर पाहिलं. अण्णाच्या ओठाच्या कोपऱ्याला हळदीचा पिवळा डाग लागला होता. बोटांनी गाठ ओढवली नाही म्हणून त्याने ती दातांनी ओढली होती.

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. प्लग बदलताना, तेल उपसताना, तेव्हाही ठाऊक होतं.

"अण्णा, हे काय बांधलंयस?"

"पूजेचा दोरा. दरवर्षी बांधतोच की."

"लीव्हरला?"

"सुम्ने इरे," तो म्हणाला, गप्प बस हे सांगायला तो नेहमी कन्नडावर येतो. मग माझ्याकडे न बघता जरा मऊ आवाजात, "पूजेचा दोरा तोडायचा नसतो, सुमी. आपोआप गळेल तेव्हा गळेल."

आमच्यात तसंच आहे. बांधलेला दोरा कुणी कापत नाही, सोडत नाही. तो झिजून पडतो, मग कावेरीत जातो. सुतळी असती तर मी विळीने सपकन कापली असती आणि वर चार शब्द सुनावले असते. पण त्याने सुतळीला हळद लावून देव्हाऱ्यापुढे आणून बसवलं होतं. तरी मी भांडले. डॉक्टरांचं नाव काढलं, वहिनीचं नाव काढलं, शेवटी त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं. तो शेवंतीची एकेक पाकळी झाकणावरून वेचत राहिला. मला राग येत होता, रडू येत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचं म्हणणं कळत होतं. तो दोरा मी सोडला असता तर तुझे हात संपले, एवढंच त्याला सांगितल्यासारखं झालं असतं, आणि ते सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

विजयादशमीला सकाळी सारं गाव राजवाड्याच्या दिशेला लोटलं होतं आणि आम्ही भाड्याच्या टेम्पोतून उलट्या बाजूला, हेब्बाळला चाललो होतो. वर्षाचा पहिला पट्टा अण्णा त्याच दिवशी कापायचा. लोक सीमोल्लंघनाला बन्नीच्या म्हणजे शमीच्या झाडाकडे जातात, हा आपल्या हिरवळीकडे. मी कधी बरोबर जात नसे, त्या दिवशी गेले. जाऊन काय करणार होते कुणास ठाऊक! कारखान्याला सुट्टी, कंपनीच्या बस ओळीने गप्प उभ्या, फाटकावर हार. इमारतीपासून खाली रस्त्याकडे उतरत गेलेली ती हिरवळ दवाने पांढुरकी दिसत होती आणि तिच्यावरून तिरपं आलेलं ऊन इतकं निर्मळ होतं की अशा ठिकाणी काही वाईट घडू शकेल हे मनाला पटेना. अण्णाने बूट घातले. ऊन जरा चढून दव ओसरू दिलं. सारं मैदान पायाखाली घातलं, खडे वेचून खिशात भरले. तेलाची पट्टी काढून पुसून पाहिली. सगळे नियम त्याने पाळले, एक सोडून.

इंजिनची दोरी ओढली तसं यंत्र दणक्यात सुरू झालं आणि पातं लगेच फिरायला लागलं. एरवी तो एका हाताने लीव्हर दाबून धरायचा, मग दुसऱ्याने दोरी ओढायचा. आता धरायचं काही उरलंच नव्हतं. तो उतारावर आडवा चालू लागला. त्याचे तळवे दांडीवर नुसते ठेवलेले होते, उघडे, बोटं पसरलेली. आणि काय सांगू, तो आनंदात होता. कित्येक महिन्यांनी यंत्र मध्येच बंद पडत नव्हतं. पट्टा संपला, तो वळला, दुसरा पट्टा, पुन्हा वळला, ओल्या गवताचा तो हिरवा, गोडसर, डोक्यात चढणारा वास उठला, आणि त्याने लांबूनच मला हाक मारली, "नोडु, नोडु! कसं चाललंय बघ!" मी हात हलवला. मी हसलेसुद्धा. पदराचं टोक मात्र मी दातांखाली धरलं होतं, हे नंतर कळलं.

झाडाच्या सावलीत दव अजून वाळलं नव्हतं. तिथे त्याचा पाय गेला. फार काही झालं नाही. तो घसरला, हात दांडीवरून निघाले आणि तो गवतावर बसला, पाय पुढे पसरून. मी किंचाळले. त्या किंचाळण्याने कोण थांबणार होतं? हात सुटला होता आणि पातं फिरत होतं. त्याच्या बुटांच्या पुढून, वीतभर अंतरावरून, यंत्र तसंच पुढे निघून गेलं, त्याच लयीत, त्याच आवाजात, आखल्यासारखा सरळ पट्टा कापत. आणि आम्ही दोघं दोन ठिकाणांहून त्याच्याकडे बघत राहिलो. मला धावायचं होतं, पण धावून मी काय यंत्राला मिठी मारणार होते? शेवटी मेंदीच्या कुंपणाखालच्या दगडी कडेवर ते आदळलं, दोनदा गुरगुरलं आणि बंद पडलं.

मी पोचले तेव्हा अण्णा आपले हात उलटेपालटे करून पाहत होता. त्याला खरचटलंही नव्हतं. त्याचं लक्ष त्या पट्ट्याकडे होतं.

"बघितलंस?" तो म्हणाला. "माझ्यावाचूनही सरळ जातं."

मी त्याला काखेत हात घालून उठवलं आणि आम्ही यंत्रापर्यंत चालत गेलो. सवयीने त्याने आधी प्लगची टोपी उपसली. मग त्या हळदीच्या दोऱ्याची गाठ नखाने उकलायचा प्रयत्न केला, पण त्या बोटांना ती गाठ कुठली सुटायला! दातांनी मारलेली गाठ. पुन्हा वाकून दात लावायची त्याला माझ्यासमोर लाज वाटली असावी. तो बाजूला झाला.

"सोड," तो म्हणाला.

"पूजेचा आहे ना?"

"सोड म्हणतोय ना."

मी सोडला. गाठ निसटली तसा लीव्हर एकदम उसळून मोकळा झाला आणि त्या आवाजाने अण्णा दचकला. मी दोरा हातात घेऊन उभी. तो मातीत टाकता येत नव्हता, परत बांधता येत नव्हता. दव उडून गेलं होतं, फाटकापाशी कुणीतरी रेडिओवर मिरवणुकीचं ऐकत होतं, कापलेल्या गवताचा वास उन्हाने आता वाळत, कडवट होत चालला होता. मग अण्णाने मनगट माझ्यापुढे धरलं, लहानपणी राखीला धरायचा तसं, पण तेव्हा तो हसत असायचा. मी दोन फेरे घेतले, गाठ ओढू लागले, तसा तो हळूच म्हणाला, "सैल बांध गं. सुटायला पाहिजे."

मी सैल केली. तो म्हणाला, "अजून." मी अजून सैल केली. किती सैल ठेवलं म्हणजे हातही मोकळा राहील आणि दोराही गळून पडणार नाही, ते मला त्या दिवशी कळलं नाही. यंत्र आता हाताखालची माणसं चालवतात आणि अण्णा सकाळी ओसरीवर बसून कॉफी पितो. त्याच्या पेल्याखाली मी हात धरते, थोडा खाली, त्याला दिसणार नाही असा. आणि तो बघितलं न बघितल्यासारखं करतो.