कोऱ्या कापडाच्या पिशव्या

समुद्राच्या तळाशी कॅमेरा सोडायचा आणि खाली काय जगतंय त्याची नोंद ठेवायची, हे माझं काम. वाळू कुठे, खडक कुठे, जिवंत प्रवाळ कुठे, हे एकदा नकाशावर आलं की निदान एवढी जागा तरी जपा असं सरकारला सांगता येतं. आमच्या कुळगावात हे कुणाला खरं वाटत नाही. शेजारच्या काकू अजून विचारतात, "मासे बघायचा पगार देतात होय गं?" मी म्हणते, "देतात, आणि तोही वेळेवर."

कॅमेरा लोखंडी चौकटीत बसवून दोरीने बोटीतून खाली सोडतात. प्रवाहात चौकट कलंडू नये म्हणून तिच्या पायांना वाळू भरलेल्या पिशव्या बांधाव्या लागतात. आमच्या पिशव्या दर खेपेला उसवायच्या. तेव्हा मला बाबांची शिवण आठवली.

बाबांनी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका छोट्या कारखान्यात उभा जन्म जीन्स शिवल्या. गेल्या वर्षी तो कारखाना बंद झाला आणि बाबांनी घरच्या मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. दिवसभर खिडकीशी बसायचे. काही बोलायला गेलं की म्हणायचे, "आता या हातांचं काय काम हाय?" मला ते ऐकवत नसे. पिशव्या हव्या होत्या हे खरंच, पण त्याहून जास्त मला ती चादर निघायला हवी होती.

मी म्हटलं, चिंध्यांच्या शिवल्या तरी चालतील. तर भडकले. "पोरीचं पयलं काम करतोय मी. चिंध्यांचं करू? कोरं कापड पायजे." रिक्षाने थेट जुन्या शेठच्या घरी गेले आणि गोदामात उरलेला जाड डेनिमचा ताका खांद्यावर घेऊन आले. दोन दिवस मशीन धडधडत होतं. जीन्सच्या खिशाला घालतात तशी दुहेरी शिवण घातली. शेवटी प्रत्येक पिशवीच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावलं, कारण नवं कापड आमच्याकडे त्याशिवाय वापरत नाहीत. मी हसले. "बाबा, माशांचं लग्न आहे का?" तेही हसले. कितीतरी दिवसांनी.

आता गंमत बघा. कोरं डेनिम पाण्यात रंग सोडतं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. बाबांच्या कारखान्याजवळची वालधुनी नदी निळी दिसली की आज कुठला माल धुतला हे मी लहानपणी बिनचूक सांगायचे. पण शुभ कामाला कोरं कापड म्हटल्यावर आम्हा दोघांच्याही डोक्यात धुण्याचा विचार आला नाही.

कोकणच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात, पहिल्याच खेपेला चौकट तळाला टेकली आणि बोटीतला कॅमेऱ्याचा पडदा निळाभोर झाला. बोट चालवणारा तांडेल वाकून बघत म्हणाला, "ताई, शाई सांडलीस की काय?"

घरी आल्यावर मी बाबांना चित्रीकरण दाखवायला बसले, सुरुवातीचं ते निळं वगळून. पण त्यांनी माझा हात धरला. "पयल्यापासून लाव." लावलं. पिशव्यांमधून निळे लोट निघत होते. बाबांचा चेहरा उतरला. "वालधुनी तिथवर नेली मी," ते म्हणाले आणि उठायला लागले. त्यांची नजर पिशव्या झाल्यावर मशीनवर पुन्हा टाकलेल्या चादरीकडे गेली. मी म्हटलं, "थांबा. अजून जरा बघा."

प्रवाहाने निळा पडदा हळूहळू बाजूला सरकला. मागे तळ उभा राहिला. मी हे दृश्य बोटीत पाहिलं होतं, तरी माझ्या अंगावर पुन्हा काटा आला. जांभळी, पिवळी, मातकट हिरवी प्रवाळं, एकाच्या खांद्यावर दुसरं. त्यांच्या फटींतून बोटभर मासे आत-बाहेर करत होते. वर आम्ही उन्हात डबे खात बसलो होतो आणि आमच्या पायांखाली हे सगळं चाललं होतं, कुणी बघावं म्हणून नव्हे, आपलं आपलं.

"हे दगड हायेत?"

"जिवंत आहेत, बाबा. एकेका दगडावर हजारो इवले जीव."

"दगड जिता असतो?" ते पुन्हा खाली बसले, पडद्याला नाक लागेल इतके जवळ. "मग मेले नाय ना ते? माझ्या रंगानं?"

"नाही. थोडासाच होता, वाहून गेला. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा कॅमेरा सोडला, सगळे होते तसेच आहेत."

तेवढ्यात पट्ट्यापट्ट्यांचा एक चिमुकला मासा आला. पिशवीच्या शिवणीला त्याने तोंड लावून पाहिलं आणि दोन पिशव्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसला. बाबा श्वास रोखून बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. ते उठून मोरीत गेले.

मला वाटलं, संपलं.

मोरीतून नळाचा आवाज येत राहिला. बराच वेळ झाल्यावर मी डोकावले. उरलेल्या ताक्याचं कापड त्यांनी बादलीत बुडवलं होतं. पिळायचं, पाणी ओतायचं, नवं पाणी घ्यायचं. ते निळं पाणी शेवटी कुठल्या नदीला जातं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तो विषय त्या दिवशी कुणी काढला नाही. बादलीच्या तळाशी त्यांनी जीन्सचं एक पितळी बटण टाकलं होतं आणि दर पाण्याला वाकून ते दिसतंय का बघत होते.

"दुसरी चौकट हाय म्हणालीस ना तुमच्याकडं?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"आहे."

त्यांनी कापड उचललं. पाणी स्थिर होऊ दिलं. बटण चमकलं.

"तळ दिसला," बाबा म्हणाले. "चादर काढ मशीनवरची."