हिरवा आकडा येईपर्यंत

अमेरिकेतल्या बॉथेल गावात, एका सॉफ्टवेअर कंपनीत मी जे काम करतो, ते मला आजवर कुठल्याच नातेवाइकाला फोनवर समजावून सांगता आलेलं नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम नीट चालतात का, हे पाहणाऱ्या चाचण्या मी चालवतो. चाचणी पास झाली की स्क्रीनवर हिरवं, नापास झाली की लाल. आता यातलं गुपित सांगतो. काही चाचण्या लहरी असतात, उगाचच लाल होतात. अशा वेळी कारण खणत बसलं तर दिवस जातो. म्हणून आम्ही पुन्हा रन मारतो. पुन्हा लाल? पुन्हा मारतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला हिरवं आलं की 'पास' असं लिहून कॉफी प्यायला जातो. या हुशारीवर मला दोन प्रमोशनं मिळाली आहेत.

तीच हुशारी मी घरी आणली.

मुलीच्या वेळी शेवटच्या आठवड्यांत बायकोचं ब्लडप्रेशर चढलं आणि सिझेरियन तारखेच्या बरंच आधी करावं लागलं. मुलगी छान होती. डिस्चार्जच्या सकाळी एक नर्स फाइल घेऊन आली. गरोदरपणात ज्यांचं प्रेशर वाढतं, त्यांच्या हृदयाचं पुढे काय होतं, यावर तिथे संशोधन चालू होतं. मशीन ते देणार. आपण घरी सकाळ-संध्याकाळ प्रेशर मोजायचं आणि आकडे फोनवरच्या ॲपमध्ये भरायचे.

मी म्हणालो, "आत्ता कशाला अजून एक झंझट?"

बायकोने तोवर सही केली होती. "माझी मावशी दुसऱ्या बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात गेली," ती म्हणाली. "कशाने गेली ते आजपर्यंत कुणाला माहीत नाही. कुणी काही मोजलंच नव्हतं."

तिच्या आई, म्हणजे गेलेल्या मावशीची थोरली बहीण, बाळंतपणासाठी साताऱ्याहून आल्या होत्या. त्या खिडकीशी नातीला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

नर्सने दोनदा बजावलं, "येईल तो प्रत्येक आकडा भरा. आवडला नाही तरी भरा."

"आकडे मी भरेन," मी म्हणालो. "माझं रोजचंच काम आहे."

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी वरचा आकडा आला एकशे बासष्ट. मी तो इमानदारीत भरला. ॲप लाल झालं आणि पाच मिनिटांत फोन आला, ताबडतोब निघा. टाके घातलेल्या बाईला आणि चार दिवसांच्या पोरीला घेऊन आम्ही निघालो. रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्याला बायको पोट धरून कळवळत होती. तिथे पोचून मोजलं तर प्रेशर उतरलेलं. दोन-तीन तास बसवून, गोळी थोडी वाढवून त्यांनी घरी पाठवलं. परतताना बायको डोळे मिटून म्हणाली, "हे पुन्हा नको रे."

माझं निदान तिथेच पक्कं झालं. चाचणी लहरी आहे.

दुसऱ्या दिवसापासून माझी पद्धत सुरू झाली. पहिला आकडा चढा आला की मी म्हणायचो, "बोलू नकोस. पाय जमिनीला टेकव. आता लांब श्वास घे." आणि बटण पुन्हा दाबायचो. एकशे अठ्ठावन्न. पुन्हा. एकशे एकोणपन्नास. पुन्हा. कधीतरी पाचव्या-सहाव्या खेपेला एकशे एकोणतीस यायचा. तोच भरायचा. हिरवी टिक. एकदा मशीन तपासावं म्हणून मी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. माझं प्रेशर उत्तम निघालं. यावरून तिचंही उत्तम आहे हे मी कसं काढलं, ते आज मला सांगता येणार नाही, पण त्या दिवशी अगदी बिनचूक वाटलं होतं.

सासूबाई बघत होत्या. "जावईबापू, किती वेळा आवळताय तिचा दंड? लिंबू आहे का तो, पिळला की रस यायला?"

"आई, ती टेन्शन घेते म्हणून पहिला आकडा चढा येतो. शांत झाली की खरा येतो."

"मग टेन्शन घेतलेली बाई खोटी असते का?"

मी हसलो. ऑफिसात सांगायला चांगला किस्सा मिळाला होता.

दुसऱ्या आठवड्यात बायकोला दम लागायला लागला. आमच्या टाउनहाउसच्या चौदा पायऱ्या, त्यातली सातवी आली की ती कठड्याला धरून थांबायची. पायांवर सूज होती, ती उतरेना. आडवी झाली की खोकला यायचा. सिझेरियन झालंय, जागरणं आहेत, अशक्तपणा आहे, अशी उत्तरं माझ्याकडे तयार होती. सासूबाईंनी डिंकाचे लाडू वाढवले. मी त्याहून मोठं काम केलं. जवळच्या केंट गावातल्या एका गृहस्थाकडून वापरलेला रिक्लायनर, म्हणजे मागे रेलणारी आरामखुर्ची, गाडीच्या टपावर बांधून आणला. बायको त्यात बसल्या बसल्या झोपू लागली. खोकला थांबला. मी इतका खूश, की खुर्चीचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला.

सासूबाई मात्र त्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "धाकटीही अशीच झोपायची. भिंतीला टेकून."

"आई, ते दिवस वेगळे होते," मी म्हणालो. "इथे रोज मोजतोय ना आपण."

हे वाक्य मी बोललो आहे. नंतर ते कुठल्याही पद्धतीने मागे घेता आलेलं नाही.

तीन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, संशोधनाच्या नर्सचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"तुमचे आकडे पाहत होते," ती म्हणाली. "एकशे अठ्ठावीस, एकशे एकोणतीस, एकशे सत्तावीस. रोज."

"थँक यू," मी म्हणालो.

"नाही, म्हणूनच फोन केला. इतके सारखे कुणाचेच येत नाहीत. त्या आहेत का जवळ?"

बायको बोलायला लागली. तीन शब्द, श्वास. दोन शब्द, श्वास. मी ते रोज ऐकत होतो, म्हणून मला ऐकू येत नव्हतं. नर्सने विचारलं, "आडवं झोपता येतं तुम्हाला?"

"नाही," बायको म्हणाली. "खुर्चीत... झोपते."

"रिक्लायनर आहे," मी मागून म्हणालो. "मी आणला."

मग नर्स वेगळ्याच आवाजात म्हणाली, "फोन ठेवा आणि अँब्युलन्स बोलवा. तुम्ही ड्राइव्ह करू नका."

इमर्जन्सीत डॉक्टरबाईंनी घरचं मशीन मागितलं. ते मी बरोबर घेतलं होतं, हिरवे आकडे दाखवायला. त्यांनी कडेचं एक छोटं बटण दाबलं. त्या मशीनला मेमरी होती. आयुष्यभर लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदी, वाचून पोट भरणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. एकेक आकडा त्या मोठ्याने वाचत गेल्या आणि शेजारी बसलेला सहायक टाइप करत गेला. एकशे सहासष्ट. एकशे एकसष्ट. एकशे पंचावन्न. एकशे अडतीस. एकशे अठ्ठावीस. आणि पुन्हा वरून, एकशे अडुसष्ट. बायको ऑक्सिजनच्या मास्कमागून माझ्याकडे बघत होती. ती रागावलेली नव्हती. ती हिशेब जुळवत होती, एवढंच.

तिचं हृदय फुगलं होतं आणि निम्म्याच जोराने पंप करत होतं. छातीत पाणी साठलं होतं. आधी कळलं असतं तर किती फरक पडला असता, असं मी विचारलं. "ते सांगता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. दया म्हणून म्हणाल्या की खरंच, तेही सांगता येत नाही.

सासूबाईंचे टोमणे त्या दिवशी जे थांबले ते पुन्हा सुरू झाले नाहीत, आणि त्यांची वाट मी अजून बघतो.

नऊ दिवसांनी बायको घरी आली. निघताना संशोधनाची नर्स पुन्हा फाइल घेऊन आली होती. माझे आकडे त्यांना काढून टाकावे लागणार होते, पण परवानगी असेल तर मशीनमधले घेता येतील, असं ती चाचरत म्हणाली. बायकोने पेन मागितलं. "सगळे घ्या," ती म्हणाली. "एकही गाळू नका."

याला आता दीड वर्ष झालं. हृदय थोडं सावरलं, पूर्ण नाही. दुसरं मूल नको, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मुलीचे छोटे कपडे बायकोने जपून ठेवले होते, ते एका रविवारी तिने स्वतःच देऊन टाकले. रिक्लायनर मी रस्त्याच्या कडेला ठेवून आलो.

पट्टा आता ती स्वतःच बांधते. आकडा मोठ्याने म्हणते, मी भरतो. एवढंच काम तिने माझ्याकडे ठेवलं आहे. का ठेवलं, हे विचारायची माझी हिंमत नाही.

काल सकाळी ती म्हणाली, "एकशे एकावन्न."

मुलगी खाली बसून डबे आपटत होती. ती आवाज करतेय म्हणून असेल, बायको नुकतीच पायऱ्या चढून आलीय म्हणून असेल. माझा हात मशीनच्या बटणाकडे गेला. खरंच गेला.

तिने माझं मनगट धरलं नाही, रागावलीही नाही. नुसतं म्हणाली, "लिही."

मी लिहिलं. ॲप लाल झालं. दंडाचा पट्टा तसाच ठेवून ती फोन हातात घेऊन बसली, आणि आम्ही दोघं तो वाजायची वाट बघत राहिलो.