‘पटतंय का?’ विचारणारे सर

सकाळची घाई ऐन भरात होती. एका शेगडीवर दूध, दुसरीवर अंडी, आणि सर इस्त्रीच्या टेबलाशी शर्टाच्या कॉलरशी झटापट करत उभे. त्यांची इस्त्री म्हणजे पुढून कडक आणि पाठीमागे आनंदीआनंद. “अहो, पाठसुद्धा तुमचीच आहे,” असं बायको म्हणतेय तोच दारावर थाप पडली. घंटी असताना जो थापा मारतो तो एकतर घाबरलेला असतो, नाहीतर रागावलेला.

दारात धाकट्या मॅडम होत्या. सरांच्याच भौतिकशास्त्र विभागात गेल्या वर्षी लागलेल्या, वयाने सरांच्या मुलीएवढ्या. एका पायात काळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी.

“काकू, सर निघाले नाहीत ना?”

“कुठले निघतायत! कॉलर भाजतायत. तू आत तर ये.”

मॅडमनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मोबाइल सरांपुढे धरला. त्यात कालच्या वर्गातल्या पडद्याचा फोटो होता. वर प्रश्न, ‘पटतंय का?’ खाली ‘नाही’चा लाल खांब छताला भिडलेला, आणि शेजारी ‘हो’चा हिरवा, बोटभर. कुणा टवाळाने त्यावर लिहिलं होतं, ‘आमचे सर कोणालाच पटत नाहीत.’

“सगळीकडे फिरतोय हा,” मॅडम म्हणाल्या. “विभागप्रमुख मॅडमपर्यंत गेला. त्या आज तुमच्या तासाला येऊन बसणार आहेत. काल जे दिसलं तेच आजही दिसलं, तर पहिलं वर्ष उद्यापासून दुसऱ्याकडे. तुम्हाला प्रयोगशाळेच्या सामानाची देखरेख.”

“कमालच आहे,” बायको दूध उतरवत म्हणाली. “माझं इतकी वर्षं पटतंय यांच्याशी, त्या पोरांना काय धाड भरलीय?”

कुणी हसलं नाही. इस्त्री कापडावर तशीच राहिली होती. करपल्याचा वास आला तेव्हा सरांनी ती उचलली.

सरांचं हे असं होतं. बाकीचे प्राध्यापक वरच्या वर्गांसाठी धडपडत, सर दरवर्षी पहिलं वर्ष मागून घेत. माती ओली आहे तोवरच हात लावावा, म्हणत. शिकवताना दर दोन वाक्यांनी त्यांचं ठरलेलं, “पटतंय का?” आणि अख्खा वर्ग एका सुरात, “हो सर!” पोरं मागे त्यांना ‘पटतंय सर’च म्हणत. त्या ‘हो’वर त्यांनी हयात काढली होती. पेपर तपासताना मात्र त्या ‘हो’चा मागमूस लागत नसे, आणि मग दोन दिवस सर घरात कुणाशी धड बोलत नसत.

म्हणून धाकट्या मॅडमनी त्यांना हा मार्ग दाखवला. पडद्यावर प्रश्न टाकायचा, पोरांनी मोबाइलवरून उत्तर द्यायचं, नाव कुणाचंच दिसत नाही, फक्त खांब वर चढतात. “मोबाइल ठेवा म्हणून ओरडण्यात जन्म गेला,” सर कुरकुरले होते, “आता काढा म्हणू?” पण शिकले. काल पहिलाच दिवस. प्रश्न त्यांनी स्वतः टाइप केला, आणि बोटांना सवय होती तेच उमटलं.

“सर, चूक त्या शब्दाची आहे,” मॅडम म्हणाल्या. “आज ‘कळलं का?’ असं टाका. कळलंय त्यांना. उदाहरणं सोडवतातच की. हिरवा खांब वर जाईल, प्रमुख मॅडम उठून जातील, विषय संपला.”

“मी तर म्हणते ते खांबबिंब नकोतच आज,” बायको म्हणाली. “तोंडी विचारा. ‘हो सर’ म्हणतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

कॉलरवर तपकिरी डाग पडलेला शर्ट तसाच चढवून सर निघाले.

वर्गात शिरले तेव्हा प्रमुख मॅडम शेवटच्या बाकावर बसलेल्या होत्या. वही नाही, पेन नाही, हाताची घडी. पोरं एरवी कलकलाट करत, आज चिडीचूप. धाकट्या मॅडम दाराशी उभ्या.

सरांनी कालचाच धडा उघडला. चेंडू सरळ वर फेकला. अगदी वर जाऊन तो क्षणभर थांबतो. त्या क्षणी पृथ्वी त्याला किती जोराने ओढत असते? फेकल्यापासून ओढत होती तेवढ्याच. सूत्र फळ्यावर लिहिलं आणि पडद्यावर प्रश्न टाकला, ‘कळलं का?’

पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं. फिरतंय, फिरतंय. कुणीतरी खोकलं. मग हिरवा खांब सरसर वर चढला. लाल जवळपास नाहीच.

शेवटच्या बाकावर घडी सुटली. प्रमुख मॅडमनी पर्स उचलली. दाराशी धाकट्या मॅडमनी तळहात हलवून खूण केली, बास, सर, इथेच थांबा.

सरांनी हिरव्या खांबाकडे पाहिलं. हा तोच जुना ‘हो सर’ होता. फक्त रंगवलेला.

“बसा मॅडम, अजून एक आहे,” ते म्हणाले, आणि खाली टाइप केलं, ‘पटतंय का?’

लाल खांब कालच्यासारखाच वर गेला.

प्रमुख मॅडम उभ्या राहिल्या. सरांच्या पायाखालची जमीन सरकली, पण आवाज सरकू न देता त्यांनी विचारलं, “का नाही पटत? नाव कुणाचं दिसत नाही, मला माहीत आहे. पण कुणी बोलेल का?”

खिडकीपाशी बसलेली एक मुलगी उठली. “सर, सूत्र पाठ आहे. गणितही सुटतं. पण वर तो थांबतो ना? ओढ असेल तर थांबेल कसा? मनाला पटत नाही.”

“आणि ओढ नसेल तर?” सर म्हणाले. “थांबला की थांबला. मग खाली कशाला येईल?”

“येईल की! वजन असतं त्याला!” मागून कुणी ओरडलं.

“अरे, वजन म्हणजेच ओढ ना, शहाण्या!” दुसरा.

“मला सांगू नका,” सर म्हणाले. “शेजाऱ्याशी भांडा. पटवा एकमेकांना.”

वर्गात गदारोळ माजला. कुणी पेन वर फेकलं, कुणी खोडरबर. एक जण बाकावर चढला. प्रमुख मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्या गेल्या नाहीत. सरांनी प्रश्न पुन्हा टाकला. खांब हलले, अडखळले, आणि एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून थांबले. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. पोरं भांडतच बाहेर पडली.

रिकाम्या बाकांमधून प्रमुख मॅडम पुढे आल्या. “सर, तुम्ही पहिल्याच प्रश्नावर थांबला असतात तर मी निघून गेले असते.”

“माहीत आहे.”

“अजून निम्म्या वर्गाला पटलेलं नाही. मी वर प्राचार्यांना काय सांगू?”

“हेच सांगा,” सर म्हणाले. “जे दिसलं ते.” खडू खाली ठेवून त्यांनी हात झटकले. “माझी एकच विनंती आहे, मॅडम. उद्याचा तास मला घेऊ द्या.”