घरटी एक

वाशीमला सकाळी आम्ही चारपाच म्हातारे चहाच्या टपरीवर जमतो. तिथं महिन्यातून एकदा तरी हा विषय निघतोच. पोट्टे बिघडले, दिवसभर मोबाइलात डोकं घालून बसतात, तेव्हा सगळ्यांना दोन वर्षं सक्तीनं मिल्ट्रीत टाका, म्हणजे सरळ होतील. ज्याचे स्वतःचे नातू पुण्यात सुखानं नोकऱ्या करतात, तोच हे सगळ्यांत मोठ्यानं बोलतो. मी चिडतो, चहा अर्धा टाकून उठतो आणि मागून कोणीतरी म्हणतं, "याले काय झालं बाप्पा?" काय झालं ते त्यांना कधी सांगितलं नाही. आता लिहूनच टाकतो.

मी मॅट्रिकला होतो तेव्हाची गोष्ट. आमचं गाव मालेगावहून वाशीमला येणाऱ्या रस्त्यावर. जिल्हा तेव्हा अकोला होता. एकाहत्तरची लढाई होऊन वर्ष उलटलं होतं, पण शाळेतला जोश काही उतरला नव्हता. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर अख्ख्या गावासमोर वादविवाद ठेवला होता. विषय होता, 'तरुणांना लष्करी सेवा सक्तीची असावी का?'

मला विरुद्ध बोलायचं होतं. डोक्यात चांगले चारदोन मुद्दे होते. पण हेडमास्तर म्हणाले, "फौजीचा मुलगा तू, विरुद्ध कसा बोलशील?" माझे वडील इंग्रजांच्या वेळी, मोठ्या लढाईत, शिपाई म्हणून बर्म्यापर्यंत जाऊन आले होते, म्हणून गावात त्यांना सगळे फौजीच म्हणत. झालं, मला 'बाजूने' मिळालं. विरुद्ध बोलायला पाटलाचा मुलगा. तो म्हणाला, सगळेच बंदूक घेऊन गेले तर पऱ्हाटीचा कापूस कोण वेचेल? लोक खो खो हसले आणि तो सुटला.

मग मी उभा राहिलो. हेडमास्तरांनी भाषण पाठ करून घेतलं होतं. त्यात एक वाक्य होतं, 'प्रत्येक कुटुंबाने राष्ट्ररक्षणार्थ आपला एक सुपुत्र अर्पण करावा.' समोर एवढी माणसं बघून ते वाक्य साफ विसरलो. आणि कुठून तोंडात आलं कोण जाणे, मी ओरडलो, "गावानं ठरवावं! घरटी एक!"

अशा टाळ्या पडल्या की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

आता 'घरटी एक' म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या बौद्ध वस्तीत कोणतंही सामायिक काम निघालं, विहिरीचा गाळ काढायचा असो की विहाराची भिंत लिंपायची असो, की एक म्हातारा सकाळीच वस्तीतून हाळी देत फिरायचा, "घरटी एक हो, घरटी एक!" मग प्रत्येक घरातून एक माणूस टोपलं-फावडं घेऊन निघायचा. माणसं जास्त आणि काम थोडं असलं तर सगळ्यांना न बोलावता बारी लावायची, म्हणजे पाळी. ज्या घरानं एकदा माणूस दिला, त्या घरी बारी सगळीकडे फिरून येईपर्यंत परत जायचं नाही. घरात चार धट्टेकट्टे पोरं असली तरी नाही. कोणी चुकून गेलंच तर बायका अशा अंगावर यायच्या की हाळी देणारा म्हातारा पळ काढायचा.

भाषणात ते शब्द म्हणजे विसरलेल्या वाक्यावर लावलेलं ठिगळ होतं. आमच्या वस्तीनं मात्र ती हाळी समजली. संध्याकाळी निंबाखाली मोठी माणसं बसली. सरपंचांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली होती, त्यामुळे मंडळी खुशीत होती. वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे आबाजी म्हणाले, "आपल्या पोट्ट्यानं भर सभेत शब्द टाकला हाये. आता तो वापस घेता येत नाई."

"पण जायाचं कोनं?" एकानं विचारलं.

सगळी घरं एकदम रिकामी करता येत नव्हती, म्हणून बारी लावायचं ठरलं आणि एकेका घराचा विचार झाला. एकाचं लगीन झालेलं, एक मुंबईला गिरणीत, एक डोळ्यानं अधू, एकाची माय अंथरुणाला खिळलेली. सगळ्यांची अडचण खरी होती, कोणी खोटं बोललं नाही. शेवटी सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबल्या.

"ज्यानं म्हटलं, त्याच्यापासूनच सुरुवात करा ना," आबाजी हसून म्हणाले. "फौजीचंच रगत हाये ते."

सगळे हसले, मीही हसलो. त्या हसण्यानं मला पुरतं बांधून टाकलं.

मला मास्तर व्हायचं होतं. हे मी कोणाला मोठ्यानं सांगितलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. मॅट्रिकला बरे मार्क पडले की वाशीमच्या अध्यापक विद्यालयात जायचं, दोन वर्षांनी हातात खडू घ्यायचा. मला मुलांना शिकवायला मनापासून आवडायचं. वस्तीतली सातआठ पोरं रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर पाटी घेऊन बसायची. आता तीच पोरं मला बघून सलाम ठोकायला लागली आणि पाढे म्हणायचं सोडून 'बाएँ मुड' करायला लागली.

जुलूम कोणी केला नाही, हेच तर वाईट होतं. सगळ्यांनी माया केली. दुष्काळाचं वर्ष, ज्याच्या त्याच्या घरी भाकरीचे वांधे, आणि शेजारची काकू रोज एक अंडं आणून द्यायची. "खाय बाबू, छाती भरली पाह्यजे." शिंपी येताजाता गळ्यातली टेप माझ्या छातीभोवती टाकायचा आणि मान हलवायचा. पहाटे दोन दांडगे जण मला उठवून मालेगावच्या रस्त्यानं पळवत न्यायचे. हाळी देणारा म्हातारा तर मला बघितलं की मुद्दाम गळा काढायचा, "घरटी एक हो, मिल्ट्रीत!" मी दात दाखवायचो आणि भराभर पुढं निघायचो. नाही कोणाला म्हणायचं? अंडं देणाऱ्या काकूला? माझ्यावर कोणी बळजबरी केली असती तर मी पळून तरी गेलो असतो.

आणि बाबा गप्प होते. भाषणाच्या दिवशी टाळ्या चालू असतानाच ते उठून निघून गेले होते, हे मी व्यासपीठावरून पाहिलं होतं. त्यानंतर या विषयावर त्यांनी चकार शब्द काढला नाही. मुळात ते कमीच बोलायचे. लढाईच्या गोष्टी सांगा म्हणून पोरं मागं लागली तर म्हणायचे, "पाऊस लय होता तिकडं," की संपली गोष्ट. ते रागावलेत की खूश आहेत, मला कळेना. मायला म्हटलं, "तू विचार ना त्यायले." ती म्हणाली, "तूच इचार. तुहा बाप हाये."

आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

परीक्षा झाली, निकाल लागला, मार्क चांगले पडले. त्याच आठवड्यात बातमी आली की वाशीमला भरती येते आहे. निघायच्या दिवशी सकाळी निंबाखाली अख्खी वस्ती गोळा झाली. काकूनं ओवाळलं. आबाजींनी झेंडूचा हार आणून ठेवला होता, पण तो गळ्यात घातला नाही. म्हणाले, "वापस आल्यावर घालू, सिलेक्शन झाल्यावर." बाबा न सांगताच माझ्याबरोबर बसमध्ये चढले. वाशीमपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, नुसती काळी भेगाळलेली वावरं.

मैदानावर शेकडो पोरं उघडी उभी होती. कोणी पोटासाठी, कोणी हौसेनं आलेला. मी कपडे काढायला लागलो तेव्हा बाबांनी दंड धरला आणि मला दोरीबाहेर एका चहाच्या गाडीपाशी नेलं. चहा घेतला, पण प्यायले नाहीत.

"मले कसं नेलं होतं, ते सांगतलं का म्या तुले कधी?"

"नाई."

"पाटील आल्ता आपल्या वस्तीत. हा नाई, याचा बाप. संग भरतीवाला साहेब. म्हने, सरकारचा हुकूम हाये, घरटी एक." बाबांनी चहाचा कप गाडीवर ठेवला. "हुकूमबिकूम काई नव्हता, ते मांगून समजलं. घरी माहा मोठा भाऊ होता, त्याचं लगीन झाल्तं. मंग माह्या बापानं मले पुढं केलं. मले इचारलं नाई. म्याबी बोल्लो नाई."

बाबांनी मैदानाकडे पाहिलं.

"तिकडं चिखलात पडल्यापडल्या एकच वाटे. कोनी एक डाव इचारलं असतं ना, तं म्या कदाचित हो बी म्हटलं असतं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. जानेवारीपासून पहिल्यांदा. "म्हनून इचारतो. तुले जायाचं हाये काय?"

एवढे महिने याच प्रश्नाची वाट बघत होतो आणि तो आला. मी त्या गर्दीत लहान पोरासारखा रडायला लागलो. रडतरडतच म्हटलं, "मले मास्तर व्हायचं हाये, बाबा."

"मंग सदरा घाल," ते म्हणाले.

"पन गावात काय सांगाव?"

"ते म्या पाह्यतो."

परतीच्या बसमध्ये मला सुटल्याचं काही वाटलं नाही. उलट गाव जसजसं जवळ येऊ लागलं तसतसं परत फिरावंसं वाटू लागलं. अंडी आठवली, टेप आठवली, सलाम करणारी पोरं आठवली. स्टॉपवर उतरलो तर निंबाखाली सगळे बसलेलेच. आबाजी हार घेऊन उठले.

"झालं काय सिलेक्शन?"

"रांगेतच उभं केलं नाई म्या त्याले," बाबा म्हणाले.

एकदम गलका झाला. काहून? कायले? शब्द पडला होता ना गावात! आबाजींचा चेहरा उतरला. "फौजी, तुमीच असं कराव? घरटी एक म्हटलं होतं तुमच्या पोट्ट्यानं."

"म्हटलं होतं. आन आमच्या घरानं मानूस देल्ला हाये," बाबा म्हणाले. "म्या गेल्तो. आमची बारी झाली."

"त्याले तीस वर्सं होत आले," कोणीतरी म्हणालं.

"होऊ द्या ना. बारी अख्ख्या गावात फिरून आल्याबिगर एका घरी दुसऱ्यानं जात नाई. हे तुमीच ठरवलं हाये." बाबांचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांनी गावाकडे, पाटलाच्या गल्लीकडे हात केला. "तिकडं गेली काय ते बारी? पहिले तिकून फिरून येऊ द्या. मंग या माह्या दारात, म्या सोता पोट्टं आनून देतो."

हाळी देणारा म्हातारा हळूच म्हणाला, "बरोबर हाये. बारी झाली त्यायची." नियमाचं त्याला सगळ्यांत जास्त कळत होतं, त्याच्यावर कोण बोलणार? आबाजी तो हार विहारात जाऊन ठेवून आले.

मी मास्तर झालो, अख्खी नोकरी केली आणि निवृत्तही झालो. बाबा जाऊन खूप वर्षं झाली. पाटलाचा मुलगा, तोच पऱ्हाटीवाला, आता वाशीमला राहतो. टपरीवर सगळ्यांत मोठ्यानं सक्ती करा म्हणतो तो हाच. ती बारी त्याच्या गल्लीत अजून पोचलेली नाही.