वेठीच्या वर्षी आवणी कोणी केली

मोहिनी भोये रागीट, हे नाशिकच्या पेठ रोडवरच्या त्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. आठवी-नववीला त्या इतिहास शिकवत. वेठबिगारीचा धडा आला की मुलांना मैदानावर नेत, चौघांच्या खांद्यावर बाक देत आणि बाकावर दप्तरांचा ढीग रचून फेरी मारायला लावत. त्यांच्या आजोबांनी पेठच्या डोंगरात साहेबांच्या डोल्या अशाच वाहिल्या होत्या, फुकट आणि उपाशी. त्यांच्या खांद्यावर पडलेला घट्टा मोहिनीने लहानपणी बोटांनी चाचपला होता. वेठ नुसती वाचून कळत नाही, उचलावी लागते, असं त्यांचं ठाम मत होतं.

यंदा नववीतल्या तेजल गावितने अर्ध्या फेरीत बाक खाली टेकवला आणि ती सरळ निघून गेली. त्यानंतर इतिहासाचा तास आला की ती जिन्यावर जाऊन बसे. मोहिनीने तिला तिथे गाठून वर्गात चल म्हणून दरडावलं.

"नाय येणार मॅडम. माझा बाप मार्केटात रोज पाठीवर गोणी वाहतो, त्याचे आजे-पणजेही तेच करायचे. धडा ऐकून वाटतं, आमची माणसं माणसं नव्हतीच, बैल होती. बैलाच्या पोरीने शिकून काय करायचं?"

मोहिनी तडक जिना उतरून गेल्या. प्रश्न अडचणीचा असला की त्यांचा संताप दुप्पट होई.

त्यातच मुख्याध्यापक धनराज सरांनी बोलावून घेतलं. मुलगी शाळाच सोडायची भाषा करते आहे, तेव्हा हा धडा इथेच थांबवू, शनिवारपासून तो तास परीक्षेच्या सरावाला देऊ, आणि मुलांना उभारी यावी म्हणून एखादा वक्ता बोलावू, असं त्यांनी चहा ओतता ओतता सांगितलं.

मोहिनीने कपाला हात लावला नाही. "ज्यांच्यावर गुदरलं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं, सर. आपल्याला ते तासभर ऐकवतही नाही? आणि उभारी कसली देणार तो वक्ता? मोठी स्वप्नं बघा म्हणून टाळ्या वाजवून घेईल आणि पाकीट घेऊन जाईल."

"वक्त्याचं सोडा," सर शांतपणे म्हणाले. "तुम्ही त्या पोरीला काय दिलंत, भोये मॅडम? ओझंच ना?"

हे वर्मी बसलं, कारण खरं होतं. शनिवारचा एक तास तरी मला द्या, एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या.

संध्याकाळी त्या तेजलच्या वस्तीत गेल्या. तिचा बाप वाळू गावित नुकताच मार्केटातून येऊन हातपाय धूत होता. मॅडम आलेल्या पाहून त्याने चटई टाकली. तेजल चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. आई कुठे, असं मोहिनीने विचारलं, तर ती भाताच्या आवणीला, रोपं लावायला, गावी गेली होती.

"आणि तुम्ही नाही गेलात?"

"मला कुठली सुट्टी? आमची आवणी झालीबी, मॅडम, आता ती दुसऱ्यांची करते. ज्या घरचा माणूस अडकला, त्याचं रान गाव आधी लावतं. आमच्यात तसंच हाय."

मोहिनीला हे नवं नव्हतं. त्या स्वतः लहानपणी चिखलात उभं राहून दुसऱ्यांची रोपं लावत आल्या होत्या. पण तव्यावरची भाकरी उलटायची विसरून तेजल त्यांच्याकडे बघत राहिली.

"मॅडम, साहेब लोक वेठीला कधी न्यायचे?"

"कधीही. आवणीच्या ऐन दिवसांतसुद्धा."

"मग तेव्हा आवणी कोणी केली?"

भाकरी करपली. इतकी वर्षं त्या हा धडा शिकवत होत्या, पण हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. डोली किती जड, फटके किती, सगळं पाठ. खांद्यावरचा घट्टा तेवढा जपला, आणि आजोबा डोलीखाली असताना त्यांचं रान ज्यांनी लावलं त्यांना विसरल्या. ते रान पडीक राहिलं असतं, तर मोहिनीचा बाप जगलाच नसता. त्यांना स्वतःचा असा राग आला की बसवेना.

शनिवारी बाक जागचा हलला नाही. तेजल वर्गात आली, पण घुश्शातच, शेवटच्या रांगेत. मोहिनीने वेठीतलं काहीही गाळलं नाही, ना फटके, ना भूक. मग तेजलचा प्रश्न तिचं नाव घेऊन फळ्यावर लिहिला. डोंगराकडची पोरं एकदम बोलायला लागली. कोणी आजीचं सांगे, कोणी काकूचं. म्हाताऱ्या आणि पोटुश्या बायासुद्धा रात्रीच्या चांदण्यात दुसऱ्याचं रान लावायच्या, असं एकीने आजीकडून ऐकलं होतं. ते सांगताना तिचा आवाज रागाने कापत होता.

"बैल दुसऱ्या बैलाचं रान लावत नाही," मोहिनी म्हणाल्या.

तेजल उभी राहिली. चेहरा तसाच तापलेला.

"डोलीत बसणाऱ्यांची नावं पुस्तकात येतात. लावणाऱ्या बायांची का नाय?"

"कोणी विचारली नाहीत म्हणून. मीही नाही विचारली."

"मग मी विचारीन. उद्या आईकडे जाते. सोमवारी तास ठेवा मॅडम."

धनराज सर दारात केव्हापासून उभे होते. मोहिनीने त्यांच्याकडे वळून, परवानगी न मागता सांगितलं, "सोमवारी हा तास माझा आहे."