घरच्या माणसाची तारीख

लग्नात माईकवर बोलणाऱ्या माणसाकडे कुणी धड बघत नाही. पाहुण्यांचं स्वागत करायचं, आशीर्वादाला कुणाला आधी उठवायचं ते सांभाळायचं, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं" असं चारदा ओरडायचं, हे सगळं करतो तो निवेदक. तो मी. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत लग्नं, दुकानांची उद्घाटनं, फौजेतून निवृत्त होऊन आलेल्यांच्या मिरवणुका, पाचगणीच्या हॉटेलांतले कंपन्यांचे मेळावे, सगळीकडे बोलतो. नोकरी नाही, डोक्यावर साहेब नाही. स्वतःचं घर आहे, गाडी आहे आणि सीझनमध्ये दम खायला फुरसत नाही. लोक म्हणतात, "नशीब काढलंस गड्या." काढलं खरं.

हा माईक माझ्या हातात तात्यांनी दिला. तात्या आमच्याच गावचे. फौजेतून सुभेदार होऊन परत आले, पण पेन्शन घेऊन गप्प बसायचा स्वभाव नव्हता, म्हणून मंडप आणि स्पीकर भाड्याने द्यायचा धंदा काढला. मी तेव्हा डी.एड. करून मास्तरकीची वाट बघत घरी बसलेलो. एका लग्नात बोलणारा आलाच नाही. तात्यांनी मला पंगतीतून उठवलं आणि माईक पुढे केला. "तात्या, मला न्हाई जमायचं," मी म्हटलं. "का? पारावर बसून दिवसभर जमतंय की! बोल!" बोललो. पहिल्यांदा नवरदेवाच्या आजोबांना कैलासवासी करून टाकलं, आणि ते पुढच्याच खुर्चीत बसलेले. तात्या हसून हसून बेजार झाले.

त्यानंतर जिथे तात्यांचा मंडप, तिथे मी. मंडप ठरवायला आलेल्याला ते आपणहून सांगायचे, "बोलायला आमचं पोरगं हाय, दुसरीकडं जाऊ नगा." सुरुवातीची सगळी गिऱ्हाइकं त्यांच्या जिवावर मिळाली. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती, मुलगा तिच्याहून लहान. मंडपाचं काम चालू असलं की तिथेच कुठेतरी हुंदडायची आणि मला म्हणायची, "दादा, माझ्या लग्नात तूच बोलायचं हां." मी म्हणायचो, "आधी गणितात पास हो."

आमच्या धंद्यात तारीख पक्की होते ती सुपारीने. नारळ, सुपारी आणि थोडी आगाऊ रक्कम हातावर पडली की तो दिवस त्या घराचा. मुहूर्त सगळ्या मुलखात तेच असतात, त्यामुळे एका दिवशी एकच लग्न धरता येतं. मला सुरुवातीला हे जमायचं नाही. कुणी मामा लागायचा, कुणी मित्राचा पाहुणा. "तारीख धरून ठेवा बरं का" म्हणायचे, मी धरून ठेवायचो, आणि ऐनवेळी ते भलत्यालाच आणायचे. एकदा तर भिडेपोटी दोन घरांना एकच तारीख देऊन बसलो आणि दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. तेव्हा तात्यांनीच मला समोर बसवलं. "हातात सुपारी पडल्याबिगर तारीख धरायची न्हाई. मग सख्खा भाऊ का येईना!" ते मी पाळलं, आणि धंदा मार्गी लागला.

तात्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा साखरपुड्याला मीच बोललो. लग्न तुळशीचं लग्न लागल्यावर कधीतरी करू, असं चाललं होतं. मग गणपती आले, नवरात्र आलं, मी आज सांगली, उद्या पाचगणी असा पळत राहिलो. त्या धावपळीत कवठे महांकाळचे एक बेदाण्याचे व्यापारी घरी आले. मुलाचं लग्न सांगलीला कार्यालयात होतं. नारळ-सुपारी दिली, बेदाण्याचा पुडा बायकोच्या हातात ठेवला. मी कॅलेंडर बघितलं. दिवस मोकळा होता. तारीख दिली.

दिवाळी झाली आणि तात्या-काकी पत्रिका घेऊन आले. मी पत्रिका उघडली आणि तोंडचं पाणीच पळालं. तीच तारीख, तोच मुहूर्त.

"तात्या, मला सांगितलं न्हाई तुमी?"

तात्या हसले. "तुला काय सांगायचं? नवरीच्या भावाला कुणी सुपारी देतं व्हय रं?"

मी सांगलीचं सांगितलं. काकी हातातल्या चहाच्या कपाकडे बघत बसल्या. तात्यांना आधी वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. मला स्वतःचाच राग आला होता, पण निघाला तो त्यांच्यावर. "एक फोन तरी करायचा, तात्या! मी काय ज्योतिषी हाय व्हय?" माझा आवाज चढला. बायको आतून बाहेर आली.

"गावातल्या कुत्र्या-मांजराला तारीख ठावं हाय," तात्या म्हणाले. "तुलाच कशी न्हाई? तू कवा इचारलीस?"

मी विचारली नव्हती. मला वाटलं, ते सांगतीलच. त्यांना वाटलं, मला ठाऊक असेलच. घरचं माणूस म्हणून आम्ही दोघंही निवांत राहिलो. परक्या माणसाच्या बाबतीत असलं कधी झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी व्यापाऱ्यांना फोन केला. माणूस भला होता, चिडला नाही, उलट काकुळतीला आला. "आवं सर, पत्रिकेत नाव छापलंय तुमचं. लय लोकांना सांगून बसलोय. आता पाव्हण्यांत तोंड कसं दाखवू?" धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. दिलेला शब्द मोडला तर उद्या कोण विश्वास ठेवणार? मी कराडचा एक मित्र तात्यांकडे पाठवायचं ठरवलं. माझ्यापेक्षा चांगला बोलतो. तात्यांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "नगो. भाड्याचं माणूस आणून पोरीला वाटंला लावू व्हय?" आणि फोन ठेवला.

मी तर सगळ्यांकडे भाड्याचाच जातो. एवढी वर्षं ते मला कधी टोचलं नव्हतं. त्या दिवशी टोचलं.

सांगलीचं लग्न मी बोललो. बरं बोललो असतो तर चाललं असतं, पण मी फार चांगलं बोललो. पाठवणीच्या वेळी नवरीच्या बापाच्या वतीने चार वाक्यं बोलायची आमच्याकडे रीत आहे. बापाच्या तोंडून त्या वेळी शब्द फुटत नाही, म्हणून निवेदक बोलतो. ती चार वाक्यं बोलताना डोळ्यांपुढे तात्यांची पोरगी. माझा आवाज खरोखरच कापरा झाला. सगळं कार्यालय रडलं. व्यापाऱ्यांनी मला मिठी मारली, पुढच्या दोन लग्नांची बोलणी तिथेच झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गावातल्या एकाने तात्यांच्या मांडवातला व्हिडिओ पाठवला. तात्या स्वतः माईकवर उभे होते. परेडवर हाक मारावी तसे पाहुण्यांची नावं घेत होते, लोक हसत होते, तेही हसत होते. पाठवणीला त्यांनी माईक तोंडाशी नेला. "माझी पोरगी..." एवढंच म्हणाले. नुसती उभी राहिलेली माणसं दिसत होती आणि कुणीतरी लहान पोर रडत होतं. मग व्हिडिओ संपला. तो मी पुन्हा लावला नाही. हिंमतच झाली नाही.

पोरगी माहेरपणाला आली तेव्हा आहेर घेऊन गेलो. मनाशी ठरवलं होतं, तात्या शिव्या देतील, मी खाली मान घालून ऐकून घेईन, काकी मध्ये पडतील, मग जेवायला बसू. तसलं काही झालं नाही. तात्यांनी बसायला खुर्ची दिली, गाडी कितीला घेतली विचारलं. पोरगी पाया पडली, "दादा" म्हणाली, पण आत गेली ती परत बाहेर आली नाही. तात्या भांडले असते तर किती बरं झालं असतं! मी अजूनही स्वतःशी हुज्जत घालतो. नियमाने मी बरोबर होतो. शब्द मोडला नाही. पण बरोबर असण्याचा मला एवढा वीट कधी आला नव्हता.

गेल्या महिन्यात तात्या आले. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय. आधी फोन करून वेळ विचारली, मगच आले. दारात चपला काढून, नेहमी सरळ स्वयंपाकघराकडे जाणारा माणूस, बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला. बायकोने चहाचं विचारलं. "नगो, अजून दोन ठिकाणी जायचं हाय." मग पिशवीतून नारळ काढला, सुपारी काढली, पाकीट काढलं, सगळं ताटलीत मांडायला सांगितलं.

"तात्या, हे काय? मला?"

"आवं, चूक माझीच झाली तवा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "कामाच्या माणसाला कामासारखंच सांगावं. तुमची तारीख मोकळी हाय का तेवढं बघा."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला 'तुमी' म्हटलं. नारळ परत त्यांच्या पिशवीत घालावा असं वाटलं. पण ते घेऊन दुसऱ्याच्या दारात गेले असते तर? मी कॅलेंडर उघडलं. तारीख मोकळी होती. मी दोन्ही हात पुढे केले.