गाऱ्हाण्याचा माइक

बाबांच्या गळ्याच्या ऑपरेशनला तेव्हा तीन महिने झाले होते. गाठ निघाली, रिपोर्ट चांगला आला, पण आवाज निम्माच परत आला. एके काळी गिरणीच्या खडखडाटात दोन साच्यांपलीकडच्या माणसाला हाक मारणारे बाबा आता मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत पाणी मागायलाही टाळी वाजवायचे.

डॉक्टरांनी गणपतीला गावी जायला मनाई केली. प्रवास चुकल्याचं बाबांना एवढं वाटलं नाही. वाटलं ते गाऱ्हाण्याचं. आमच्या कोकणातल्या घरी पूजा झाली की घरातला थोरला पुरुष गणपतीपुढे उभा राहून सगळ्यांसाठी मागणं मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. आजोबा गेल्यापासून हे काम बाबांचं. गावच्या चुलतभावाने फोनवर विचारलं, "काका, तुमका जमाचा नसात तर ह्या वर्षी मी घालू?" बाबांनी फोन माझ्या हातात दिला. त्या दुपारी जेवलेही नाहीत.

मग मीच म्हटलं, "बाबा, तुम्ही इथूनच घाला. व्हिडिओ कॉलवरून."

मी नोकरीच अशी करते की दिवसभर हेडसेट लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. त्यामुळे या बाबतीत मला जरा शिंगंच फुटलेली आहेत. लॅपटॉपच्या माइकला बाबांचा बारीक आवाज पकडता येईना, म्हणून घाटकोपरहून खास त्यांच्यासाठी नवा हेडसेट आणला, गालापाशी माइकची दांडी असलेला. आदल्या दिवशी तालीम केली. बाबांनी चुलतभावाकडून पाऊसपाणी, भातशेती, शेजाऱ्यांची म्हैस, सगळ्यांची चौकशी करून घेतली. आवाज एकदम झकास. "उद्या कशालाही हात लावायचा नाही," मी बजावलं.

दुसऱ्या दिवशी गावची पूजा आटोपली. पडद्यावर गणपती आणि त्याच्यापुढे दाटीवाटीने पस्तीसेक माणसं. बाबा धुतलेलं धोतर नेसून, हेडसेट लावून उभे राहिले. हात जोडले, डोळे मिटले आणि बोलू लागले.

तिकडून होकार नाही. दुसऱ्या वाक्यालाही नाही. मग चुलतभावाचं तोंड पडद्यावर आलं. "काका, आयकाक येणा नाय!"

मी लॅपटॉपवर तुटून पडले. सेटिंग तपासली, वायर काढून लावली, कॉल बंद करून पुन्हा जोडला. बाबांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिकडे पोरं कंटाळली होती, कुणीतरी "मोदक थंड होतत" म्हणालं, आणि माझं डोकं फिरलं.

"कशाला हात लावलात? सांगितलं होतं ना मी! एक गोष्ट धड ऐकत नाही तुम्ही!"

बाबांनी डोळे उघडले. "हेडसेट बरो आसा गो," ते हळूच म्हणाले. "माजो आवाजच गेलो. त्येका सांग, तूच घाल."

तीन महिने हेच भय ते मनात घेऊन वावरत होते, आणि मी त्यांच्यावर खेकसले होते. शेवटचा उपाय म्हणून त्यांच्या डोक्यावरचा हेडसेट काढून मी लावला, सवयीने दांडी तोंडाशी ओढली आणि "हॅलो" म्हटलं.

"ईलो, ईलो आवाज!" तिकडे गलका झाला.

हेडसेट बाबांना परत दिला. त्यांनी तो नीट लावला, आणि हात जोडण्याआधी माइकची दांडी दोन बोटांनी हळूच वर कपाळाकडे सरकवली. या वेळी मी लॅपटॉपकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते.

"बाबा! ती वर का करताय?"

"मग? तोंडाकडे कसो ठेवचो? थुकी उडता. ह्यातसूनच देवाकडे जातला मा सगळा? उष्टा देवाक कसा चलात?"

दांडी वर केली की माइक आपोआप बंद होतो. हे त्या खोक्यावर चित्र काढून दाखवलं होतं. खोका मी वाचला नव्हता, कारण मला सगळं येतं. मी खाली बसून हसले आणि हसता हसता रडले. बाबांचा आवाज शाबूत होता.

दांडी तोंडाशी आणायला ते कबूल होणं शक्यच नव्हतं. म्हणून हेडसेट काढून, दांडी खाली ओढून, तो त्यांच्यापुढे टेबलावर पाट मांडून त्यावर ठेवला. माइकची पातळी शेवटपर्यंत चढवली, पंखा बंद केला, आणि ऐकण्यासाठी लॅपटॉपचा स्पीकर लावला.

"बा गणपती म्हाराजा," बाबा म्हणाले. आवाज घोगरा होता, मध्ये एकदा फाटलाही. पण स्पीकरमधून लगेच होकार आला, "व्हय म्हाराजा!" बाबांचे खांदे खाली आले, ते मला मागून दिसलं. मग ते थांबलेच नाहीत. शेतीवाडी, गुरंढोरं, लग्नाच्या पोरी, परीक्षेची पोरं, डॉक्टर, सगळ्यांसाठी मागून झालं. शेवटी क्षणभर श्वास घेतला.

"आणि म्हाराजा, ह्या माज्या चेडवान आज रागाच्या भरात बापाशीक जा काय सुनावल्यान, ता पोटात घाल. तेच्या डोक्याक शांती दी."

पस्तीस माणसांनी हसू दाबत, एका दमात होकार भरला, "व्हय म्हाराजा!"

मीही भरला. सगळ्यात मोठ्याने.